‘सर्व्हिस सेंटरला जा’ म्हटलं की दुकानदाराचा संबंध संपतो का?

पत्र, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. मुलगी यंदा बारावीला, जोडीला सीईटीचा क्लास. क्लासचे व्हिडिओ बघायला आणि नोट्स काढायला म्हणून नौपाड्यातल्या एका दुकानातून साधारण पंचवीस हजारांचा टॅब हप्त्यांवर घेतला. चौथ्या दिवशी लक्षात आलं की स्क्रीनच्या उजव्या बाजूची एक उभी पट्टी बोटाला दादच देत नाही. शिवाय बॅटरी पंचवीस टक्के दिसत असताना टॅब अचानक बंद पडतो. त्याच दिवशी दुकानातल्या मुलाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. “मॅडम, अपडेट मारा, होऊन जाईल,” असं उत्तर आलं. अपडेट मारून काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात दुकानात गेल्या तेव्हा मालक म्हणाले, “आता सात दिवस उलटले. सर्व्हिस सेंटरला जा, कंपनी बघेल.” सर्व्हिस सेंटर म्हणतं, वॉरंटीत स्क्रीन फुकट बदलून देऊ. बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला किंवा बदलून दिला जाणार नाही’ असा शिक्का आहे. मिस्टर म्हणतात, हप्ते थांबवू आणि सोसायटीच्या ग्रुपवर दुकानाचं नाव टाकू. सासरे म्हणतात, दुकानदाराच्या वडिलांपासूनची ओळख आहे, भावही त्याने ओळखीत कमी केला, एवढ्यासाठी संबंध बिघडवू नका. ताईंना आणखी एक शंका आहे: डब्याचं सील आपल्यासमोर फोडलं नव्हतं, मग हा काउंटरवर दाखवायला ठेवलेला पीस तर नाही? त्या विचारतात, “नवा टॅब पहिल्याच महिन्यात उघडून, जोडून का घ्यायचा? पण बदलून मागायचा हक्क मला आहे का? आणि असला, तर घरातला वाद न वाढवता मागायचा कसा?”

नमस्कार ताई,

तुमच्या घरात तीन मतं आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: टॅब बदलून मागायचा म्हणजे दुकानदाराशी भांडायचं. सासऱ्यांना ते भांडण नको आहे, मिस्टरांना ते आजच हवं आहे आणि तुम्हाला ते न करता टॅब हवा आहे. ही समजूतच आधी तपासून बघू या. तुम्ही पैसे दिले, बिल घेतलं, माल सदोष निघाला. आता तो बदलून द्या असं सांगणं हा त्याच व्यवहाराचा राहिलेला भाग आहे. त्यासाठी आवाज चढवायला नको आणि ओशाळायलाही नको. ओळखीत भाव कमी केला म्हणता, पण तो भाव चांगल्या टॅबचा होता. बिघडलेल्या टॅबचा भाव तुमच्यात ठरलाच नव्हता.

आता ‘कंपनी बघेल’ याबद्दल. बिल समोर घ्या. वर नाव कुणाचं आहे, जीएसटी क्रमांक कुणाचा आहे? दुकानाचा. विक्रीचा करार तुमच्यात आणि दुकानात झाला आहे. १९३० चा मालविक्री कायदा आजही लागू आहे आणि तो सांगतो की त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वस्तू घेतली तर ती विकण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे. ही अट कागदावर लिहिलेली नसली तरी करारात धरली जाते. कंपनीची वॉरंटी ही त्याच्यावरची जादा हमी आहे. ती मिळाली म्हणून दुकानदार मोकळा होत नाही. पैठणी घेतली आणि घरी घडी मोडल्यावर पदर विरलेला निघाला, तर दुकानदार तुम्हाला ‘येवल्याला जा’ म्हणत नाही. टॅबच्या बाबतीत मात्र हे वाक्य आपण सगळेच निमूटपणे ऐकून घेतो, कारण सर्व्हिस सेंटर नावाची एक जागा खरोखर असते आणि तिथे एसी चालू असतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, कलम २ च्या ४७ व्या पोटकलमात. सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला नकार देणं हे त्या यादीत आहे. मुदत बिलावर लिहिली असेल तेवढी, लिहिलेली नसेल तर तीस दिवस. तुमच्या बिलावर मुदत नाही, नुसता शिक्का आहे. ‘परत घेणार नाही’ असं छापणं म्हणजे मुदत ठरवणं नव्हे, असं मी ते कलम वाचून समजते. मुळात तो शिक्का रंग आवडला नाही, घरी गेल्यावर मन बदललं अशा गिऱ्हाइकांना थोपवायला ठीक आहे. सदोष मालापुढे त्याला वजन नाही. गोखले रोडवरच्या निम्म्या बिलांवर तो असतो आणि बहुतेक ठिकाणी तो छापखान्याने सवयीने घातलेला असतो, हे माझं निरीक्षण.

राहिले मालकांचे ‘सात दिवस’. ते त्यांनी हवेतून काढलेले नाहीत. मोबाईल आणि टॅबच्या धंद्यात ‘डीओए’ (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे हातात आला तेव्हाच बिघडलेला) नावाचा कागद चालतो. पहिल्या काही दिवसांत पीस बिघडलेला निघाला तर कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तपासून तसं लिहून देतं. त्या कागदावर दुकानदार तुम्हाला नवा पीस देतो आणि जुना डिस्ट्रिब्युटरमार्फत कंपनीला परत पाठवतो. दिवस किती, हे कंपनीगणिक बदलतं. तो कागद नसेल तर तो टॅब दुकानदाराच्या गळ्यात पडतो, आणि छोट्या दुकानदाराला पंचवीस हजार अंगावर घेणं परवडत नाही. म्हणून तो तुम्हाला सर्व्हिस सेंटरकडे ढकलतो. त्याची अडचण मला समजते. पण ही मुदत कंपनी आणि विक्रेत्यांच्या आपसातल्या हिशेबाची आहे. तुमचा कायद्यातला हक्क आठव्या दिवशी मावळत नाही.

शिवाय तुमच्या बाबतीत मुदत मुळात उलटलीच नव्हती. तुम्ही चौथ्या दिवशी दुकानाच्या नंबरवर व्हिडिओ पाठवला आहे आणि त्यांचं उत्तरही आलं आहे. तुम्ही पत्रात हे अर्ध्या ओळीत उरकलंत, पण तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे. त्या दिवशी त्या मुलाने ‘अपडेट मारा’ऐवजी ‘सर्व्हिस सेंटरमधून डीओए आणा’ म्हटलं असतं तर तुम्ही सातव्या दिवसाच्या आत परत आला असतात. उशीर झाला तो त्यांच्या सल्ल्यामुळे. तो चॅट आजच एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा आणि स्क्रीनशॉटही काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे.

थोडं विरजण घालते. हक्क आहे म्हणजे प्रत्येक बिघाडाला नवा पीस मिळतोच असं नाही. ग्राहक आयोग कायद्याने वेगवेगळ्या प्रकारचे आदेश देऊ शकतो: दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, नुकसानभरपाई द्या. त्यातलं काय, हे दोष किती मोठा आणि तो कसा सिद्ध झाला यावर ठरतं. दोष उत्पादनातलाच आहे हे दाखवावं लागतं, आणि समोरच्याने वाद घातला तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणून आजपासून तुमचं खरं काम आहे ते दोष नीट दाखवता येईल असं करून ठेवणं.

त्यासाठी एक संध्याकाळ द्या. आधी टॅबवर लावलेला स्क्रीनगार्ड किंवा टेम्पर्ड ग्लास काढा. काच नीट बसली नसेल, खाली हवा राहिली असेल तर टच अडखळतो, आणि सर्व्हिस सेंटरचा पहिला आक्षेप हाच असतो. मग चार्जर काढून तपासा. हलक्या ॲडॅप्टरमधून येणाऱ्या विद्युत गोंधळामुळेही चार्जिंग चालू असताना टच वेडावाकडा वागतो. तुम्ही डब्यातला चार्जर वापरताय की घरातला जुना, हेही बघा. टॅब अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केलं की बोट जिथे जिथे फिरेल तिथे रेघ उमटते. संपूर्ण स्क्रीनवर बोट आडवं फिरवा. मेलेल्या पट्टीत रेघ तुटेल, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी तुटेल. मुलीला सांगा, ती हे दोन मिनिटांत करेल. दुसऱ्या फोनने सलग, न थांबवता व्हिडिओ काढा आणि त्यात सेटिंग्जमधला सिरीयल नंबर आणि बिल दोन्ही येऊ द्या. नुसता वायफायचा टॅब असेल तर त्याला आयएमईआय (सिम चालणाऱ्या उपकरणाचा ओळख क्रमांक) नसतो, सिरीयल नंबरच धरायचा. बॅटरीचंही तसंच: टक्के दिसताहेत आणि टॅब बंद होतोय, हे एकदा कॅमेऱ्यात येऊ द्या. एक मात्र बघा, बॅटरीमुळे पाठ फुगल्यासारखी किंवा स्क्रीन कडेने उचलल्यासारखी वाटली तर चार्जिंगला लावूच नका. तेव्हा हा अभ्यासाचा प्रश्न राहत नाही, आगीचा होतो.

स्क्रीनगार्ड काढल्यावर पट्टी चालायला लागली तर? मग टॅब चांगला आहे, आणि निम्मं पत्र तुम्ही मला उगाच लिहिलंत. तसं होईल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही, पण दुकानात गिऱ्हाइकांसमोर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

आता सर्व्हिस सेंटर. तिथे जा, पण दुरुस्तीला म्हणून जाऊ नका, तपासणीला जा. दोन्हींत जॉब शीट, म्हणजे तक्रार नोंदवून देतात तो कागद, एकच असतं, फरक त्यावर काय लिहिलंय याचा. काउंटरवरचा मुलगा ‘सॉफ्टवेअर इश्यू’ किंवा ‘जनरल चेकअप’ लिहून टाकतो आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तेच राहतं. तुमच्या शब्दांत लिहायला लावा: उजव्या बाजूची उभी पट्टी टच घेत नाही, पंचवीस टक्के बॅटरीवर बंद होतो, खरेदीपासून चौथ्या दिवसापासून. बाहेरून कुठे तडा, पोचा, ओल नाही हेही त्यावर नोंदवून घ्या आणि टॅब देण्याआधी चारही कोपरे, कडा, चार्जिंगचं भोक यांचे फोटो काढा. नंतर ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘लिक्विड डॅमेज’ असा शेरा आला तर वॉरंटीच हातची जाते, आणि तेव्हा वाद घालायला तुमच्याकडे हे फोटो हवेत. सही करताना शेजारी एवढंच लिहा: ‘फक्त तपासणीसाठी, दुरुस्तीला संमती नाही.’ काही ठिकाणी कुरकुर करतील, लिहू देतील. डेटाचा बॅकअप घ्या आणि मुलीचं गुगल अकाउंट काढून टाका, नाहीतर लॉक पडलेला टॅब म्हणून पुन्हा दोन फोन येतील. हे सगळं व्हिडिओ काढून झाल्यावर.

स्क्रीन फुकट बदलून देताहेत ती का घेऊ नये, असं सासरे विचारतील आणि प्रश्न वाजवी आहे. सहा महिने वापरलेला टॅब असता तर मीही तुम्हाला घ्या म्हटलं असतं. अधिकृत ठिकाणी, कंपनीचा नवा पार्ट टाकून केलेली दुरुस्ती वाईट नसते. इथे दोन गोष्टी आड येतात. एक, तुमच्या टॅबमध्ये टच आणि बॅटरी असे दोन वेगळे बिघाड आहेत आणि ते त्यातल्या एकाचाच इलाज सांगताहेत. दोन, एकदा तुम्ही दुरुस्ती मान्य केलीत की ‘माल स्वीकारला’ असा अर्थ काढायला जागा होते, आणि पीस उघडला गेला की डीओएची वाट बहुधा बंद होते. मालविक्री कायद्यातसुद्धा असंच आहे: वाजवी काळात ‘हा माल मला मान्य नाही’ असं कळवलं नाही तर माल स्वीकारल्याचं धरलं जातं, आणि मग परत करण्याऐवजी भरपाईवर भागवावं लागतं. म्हणून जे करायचं ते या आठवड्यात करा. दुरुस्ती हा शेवटचा पर्याय म्हणून खिशात राहू द्या, तो कुठे पळून जात नाही.

उलट, नवा पीसच हवा हा हट्टही जरा सैल करा. तेच मॉडेल दुकानात शिल्लक नसेल, किंवा त्याच खेपेतला दुसरा पीस मिळेल. पैसे परत मिळत असतील तर ते तुम्हाला जास्त सोयीचं पडू शकतं. दुकानदाराला दोन दारं उघडी ठेवलीत तर तो एकातून तरी आत येईल. त्याच किमतीचं दुसऱ्या कंपनीचं मॉडेल, हे तिसरं दार. ते मागताना ओळखीचा उपयोग करायला हरकत नाही, किंबहुना सासऱ्यांच्या ओळखीचा खरा उपयोग तिथेच आहे.

डिस्प्लेच्या पीसची शंका मनात आहे, तर ती मनात कुढत ठेवू नका आणि तोंडावरही फेकू नका. ती तपासता येते. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली किंवा संपते ते दिसतं. नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. ती तारीख तुमच्या बिलाच्या आधीची निघाली तर मात्र हे प्रकरण वेगळं आहे: वापरलेला माल नवा म्हणून विकल्याचं. त्या नोंदीचा कागद घ्या आणि पत्रात घाला. तारीख जुळत असेल तर शंका सोडून द्या. सील तुमच्यासमोर फोडलं नाही हे चुकीचंच, पण गर्दीच्या संध्याकाळी ते पुष्कळ दुकानांत होतं.

मिस्टरांच्या दोन्ही सूचना मात्र बाजूला ठेवा. हप्ते दुकानाला जात नाहीत, फायनान्स कंपनीला जातात. तो कर्जाचा वेगळा करार आहे. हप्ता चुकला तर दंड आणि क्रेडिट स्कोअरवरचा डाग तुमच्या नावावर बसेल, दुकानदाराला त्याची झळही लागणार नाही. पैसे परत घ्यायची वेळ आली तर दुकानाने कर्ज रद्द करून घ्यायचं असतं आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र तुम्हाला मिळालं पाहिजे, हे तेव्हा लक्षात ठेवा. आणि सोसायटीचा ग्रुप? तिथे टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कासारवडवलीपासून कोपरीपर्यंत पोचते आणि परत घेता येत नाही. आज दुकानदाराला तुमचा प्रश्न सोडवून आपलं नाव राखायचं कारण आहे. नाव आधीच गेलं तर ते कारणही गेलं. वर ‘फसवणूक’, ‘चोर’ असले शब्द पडले तर उद्या नोटीस तुम्हाला यायची.

मग करायचं काय? पत्र लिहायचं. एका पानाचं, दुकानाच्या नावाने, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने. सासऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून सुरुवात हवी तेवढी गोड करा, मजकूर मात्र असा असू द्या:

“आपल्या दुकानातून अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या बिलाने, अमुक सिरीयल नंबरचा टॅब घेतला. चौथ्या दिवशी दोष आढळला व त्याच दिवशी आपल्या दुकानाच्या नंबरवर कळवला. संदेशाची प्रत जोडली आहे. सर्व्हिस सेंटरच्या तपासणीचा कागद जोडला आहे. हा टॅब सदोष असल्याने मला मान्य नाही. तो बदलून त्याच मॉडेलचा नवा टॅब द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. टॅब, डबा व सर्व सामान परत करण्यास मी तयार आहे. सात दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.”

यात कायद्याचं कलम नाही, धमकी नाही, आणि एकही विशेषण नाही. कलमं दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवा. दुकानात स्वतः नेऊन द्या आणि प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. ते देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. घोडबंदरहून माजिवड्याचा ट्रॅफिक ओलांडून नौपाड्यात जायचं आणि तिथे गाडी लावायला जागा शोधायची म्हणजे अर्धा दिवस जातो, म्हणून डबा, चार्जर, केबल, बिल, जॉब शीट सगळं एकाच पिशवीत घेऊन जा. डबा फेकला असेल तरी हक्क जात नाही, पण तुमचा तो असेल अशी आशा करते. आणि सासऱ्यांना सोबत न्या. मी हे चेष्टेत म्हणत नाही. त्यांची ओळख आहे, ती त्यांनीच वापरावी. “अरे, सर्व्हिस सेंटरचा कागद आणलाय, तुला कंपनीकडे क्लेम करायला हा पुरेल का बघ,” असं त्यांनी म्हटलं तर संबंधही राहतात आणि दुकानदाराला हवा असलेला कागदही त्याच्या हातात पडतो. आजवर त्या संबंधाची किंमत फक्त तुम्ही मोजत होतात, थोडी दुसऱ्यांनीही मोजावी.

तरीही उत्तर आलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती आदेश देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोचवून पाठपुरावा करते आणि मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारींकडे सहसा डोळेझाक करत नाहीत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून याच कामात आहे, तिच्या कार्यकर्त्यांकडून कागद डोळ्यांखालून घालून घेता आले तर उत्तम.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. नाव ऐकून घाबरू नका. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ हे पोर्टल आहे. आणि २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात करता येते, दुकान किंवा कंपनी कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. कायदा म्हणतो, तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तेवढ्यात क्वचितच होतं, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. पंचवीस हजारांसाठी तिथपर्यंत जायचं का, हे तेव्हा ठरवा. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो आणि असे छोटे वाद तिथे मिटण्याजोगे असतात.

इथे नवी मुंबईच्या वाचकांसाठी एक गोष्ट, कारण तिथून अशी पत्रं बरीच येतात. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे. पण खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलं तरी राहत्या जागेवरून आयोग धरायचा तर तो रायगडचा. नोकरी ठाणे जिल्ह्यात असेल तर तिथेही चालतं.

आणि ज्यांनी टॅब ऑनलाइन घेतला आहे त्यांचं काम थोडं सोपं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं असतं आणि महिन्याच्या आत ती सोडवायची असते, आणि सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. फक्त पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढायची सवय लावा आणि ॲपवर दिसणारी बदलून घ्यायची मुदत पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

मुलीचा क्लास तोवर थांबायला नको. काही क्लासची ॲप्स एका उपकरणावर बांधलेली असतात. तिथल्या ऑफिसात सांगितलं तर लॉगिन मोकळं करून देतात, मग लॅपटॉपवर किंवा तुमच्या फोनवर महिनाभर निभेल. तिला पट्टी चुकवून त्याच टॅबवर अभ्यास करायला लावू नका. जो माल मान्य नाही म्हणून कळवलाय तो रोज वापरत राहणं तुमच्याच पत्राच्या विरोधात जातं.

नवा पीस मिळेल त्या दिवशी काउंटरवरून हलू नका. सील तुम्ही स्वतः फोडा. डब्यावरचा, सेटिंग्जमधला आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे ना ते बघा. जुन्या बिलावर हाताने खाडाखोड करून नवा नंबर लिहून देतील, ते घेऊ नका, नव्या नंबरचं रीतसर बिल मागा, म्हणजे वॉरंटीचा हिशेबही त्याच नंबरवर राहील. फायनान्स कंपनीकडे जुना सिरीयल नंबर नोंदलेला असेल तर तोही बदलायला सांगा. आणि मुलीला तिथेच बसवून पॉइंटर लोकेशनची ती रेघ पूर्ण स्क्रीनभर एकदा ओढून बघायला सांगा, मागे रांग लागली तरी.